फुली केली तिथं सही

"हिचं नाव गाळा, आप्पा. एक किडका दाणा घातला की अख्खं पोतं माघारी येतंय."

मी पडद्याआड उभी होते. हातात चहाचा ट्रे. आत जावं की थांबावं, कळेना. कपांवर साय धरू लागली.

बोलत होते ते विमेवाले अण्णा. नात्यातले नव्हेत, पण समाजातले. आमच्या लिंगायत समाजात कोल्हापूरच्या राजारामपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत अण्णांच्या हातची पॉलिसी नाही असं घर सापडणं कठीण. त्या दिवशी ते आमच्या घराचा मेडिक्लेम उतरवायला आले होते. घरात आम्ही चौघं. वडील, आई, शाळेत जाणारा भाऊ आणि मी. मी तेव्हा वीस वर्षांची होते. किडका दाणा मी.

वडिलांना आम्हीही आप्पाच म्हणतो. ते म्हणाले, "बरं. तिला मी हाय की."

मी ट्रे घेऊन आत गेले. अण्णांनी कप उचलला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसले. "काय बाळ, चहात साखर घातलीस, का नुसतं बोट बुडवलंस?"

आप्पाही हसले. अण्णांचं मला काही वाटलं नाही. आप्पांचं हसणं लागलं.

चौदाव्या वर्षी मला मधुमेह झाला. उतारवयात होतो तो नव्हे, लहानपणी होतो तो. शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. रोज दोन वेळा सुई. जन्मभर. डॉक्टरांनी हे साध्या आवाजात सांगितलं होतं. पण दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच आई म्हणाली, "कुणाफुडं बोलायचं न्हाय." आप्पांची मार्केट यार्डात गुळाची अडत. अडत्याच्या घरात शुगर. लोकांना हसायला एवढं पुरे होतं. पण आईला हसण्याची भीती नव्हती. मुलीचं लग्न अडेल याची होती. बाहेरच्यांत फक्त अण्णांना माहीत, तेही विम्यासाठी विचारलं तेव्हा आप्पांना सांगावं लागलं म्हणून.

इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये, हळदीच्या रिकाम्या डब्यात. पाहुणे आले की मी बाथरूममध्ये जाऊन टोचून घ्यायची. नळ सोडून. सुईचा आवाज होत नाही. तरी नळ सोडून.

शाळा इंग्रजी माध्यमाची. एकदा प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडले. बाईंनी सगळ्या वर्गासमोर विचारलं, "डाएटिंग सुरू केलंस का?" वर्ग हसला. मी मान हलवली. हो म्हणणं सोपं होतं. त्यानंतर मला असं हो म्हणणं चांगलं जमू लागलं.

घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. बँकेचा कागद आला, वकिलाची नोटीस आली, की आप्पा हाक मारायचे. मी वाचायची, ते विचारायचे, "काय म्हनतोय त्यो?" माझा आवाज घरात निघायचा तो एवढ्यापुरता. मेडिक्लेमची पॉलिसी आली तीही मीच वाचून दाखवली. वडिलांचं नाव, आईचं नाव, भावाचं नाव. तीन नावं. कुठेही अडखळले नाही. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिली.

मग मला नोकरी लागली. राजारामपुरीतच, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. चोविसाव्या वर्षी ताप आला, उलट्या सुरू झाल्या. खाल्लं नाही म्हणून आईनं सुई घेऊ दिली नाही. "पोटात काय न्हाय, कशाला टोचतीस?" मीही ऐकलं. माझ्या आजारात ही चूक माणसाला नेऊ शकते. दुसऱ्या दिवशी मी शुद्धीवर नव्हते. आठ दिवस दवाखान्यात काढले. तिथल्या काउंटरवरच्या बाईंनी आप्पांना विचारलं, "मेडिक्लेम आहे ना पेशंटचा?" हे मला भावानं नंतर सांगितलं. आप्पा म्हणाले होते, "घरात सगळ्यांचा हाय."

घरात सगळ्यांचा होता. दवाखान्यात जाण्याची पाळी येणार होती तिचा सोडून.

त्या आठ दिवसांत मी एक ठरवलं. स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या नावाचा विमा. आजार माझा आहे, तर तो सांभाळायची तजवीजही माझी. कोल्हापुरात मला विम्यातलं दुसरं कुणी माहीत नव्हतं. मीच अण्णांना फोन केला. वाटलं होतं, टाळतील. पण ते लगेच म्हणाले, "करू की. आता तर करायलाच पायजे. माज्यावर सोड."

आठवड्यानं ते घरी आले. फॉर्म भरूनच आणला होता. मोठ्या इंग्रजी अक्षरात. सहीच्या जागी पेन्सिलनं फुल्या.

"फुली केलीया तितं सही कर, बाळ. बाकीचं मी बघतोय."

त्यांची ही पद्धतच. आमच्या समाजातली निम्मी माणसं अशी फुलीवर सही करत आली. वाचायचं कशाला? अण्णा घरचेच. माझ्या आप्पांनीही कधी वाचलं नाही.

मी वाचलं. सवयच होती. मधुमेह, दमा, हृदयविकार, अशी रांग होती आणि प्रत्येकासमोर ‘नो’. सगळ्यांत खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की वरची माहिती खरी आहे, खोटी निघाली तर पॉलिसी रद्द.

मी हळूच विचारलं, "अण्णा, मधुमेहासमोर ‘नो’ लिहिलंय."

"मग काय लिवू? व्हय लिवलं तर कंपनीचा साहेब फाइल भिरकावतोय."

"पण उद्या दवाखान्यात गेले तर त्यांना कळेलच. मग पैसे देणार नाहीत."

अण्णा आप्पांकडे वळले. "विंग्रजी शाळंत घातलं की असं हुतंय बघा. पॉलिसी हातात न्हाय तवर क्लेमची भाषा." मग माझ्याकडे. "शुभ बोल की गं. आजारी कशाला पडतीस? आनि येक ध्यानात ठेव. समाजात मी अजून तोंड उघडलेलं न्हाय."

हे त्यांनी प्रेमानं सांगितलं. मांडीवर त्यांची डायरी होती. ती सगळ्यांना माहीत होती. पुढच्या पानांत पॉलिसीच्या तारखा, मागच्या पानांत लग्नाची स्थळं. एकाच घरात बसून ते दोन्ही बाजूंनी लिहायचे.

मी सही केली नाही. ते धाडस नव्हतं. "नंतर करते," एवढंच म्हणाले आणि उठून आत गेले.

अण्णांनी मनाला लावून घेतलं नाही. "सोमवारी हापिसात घेऊन या तिला," ते आप्पांना म्हणाले. "साहेबांच्या समोरच करू दे सही."

सोमवारी सकाळी आईनं कपाटातून आकाशी साडी काढली. मी विचारलं, "सही करायला साडी कशाला?" आई निऱ्या करत म्हणाली, "हापिसात जायचं हाय. माणसानं नीट दिसावं." तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

शाहूपुरीतलं विम्याचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. आप्पा आणि मी पोचलो तेव्हा अण्णा आधीच येऊन बसले होते. टेबलाच्या पलीकडे साहेब. त्यांच्या शेजारी एक बाई, मांडीवर पर्स धरून. साहेबांनी ओळख करून दिली, "आमच्या आक्का, थोरल्या बहीण. सहज आल्यात." टेबलावर पेढ्याचा बॉक्स उघडा होता.

साहेबांनी शिक्षण विचारलं. नोकरी विचारली. मी सांगत गेले. मग आक्कांनी विचारलं, "उंची किती गं तुझी? चष्मा न्हाय न्हवं? सयपाक जमतोय का समदा?"

विम्याच्या फॉर्ममध्ये स्वयंपाकाचा रकाना नसतो.

मी आप्पांकडे पाहिलं. ते पंख्याकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. साडी काढणाऱ्या आईला माहीत होतं. या ऑफिसात मला दाखवायला आणलं होतं. आक्कांच्या मुलासाठी. अण्णांनी डायरीची दोन्ही टोकं एकाच सोमवारी उघडली होती. तो ‘नो’ आता दोन्हीकडे चालणार होता, कंपनीत आणि सोयरिकीत. आणि खाली सही माझी असणार होती. पुढे कधी उघडकीला आलं असतं, तर फसवणारी मी.

साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. "तब्येतीचं काय?"

"ठणठणीत, साहेब," अण्णा म्हणाले. "साधा खोकला न्हाय पोरीला."

आक्का हसल्या. पेढ्याचा बॉक्स माझ्याकडे सरकवला. अण्णांनी पेन माझ्या हातात दिलं आणि फुलीवर बोट ठेवलं.

मी ती आजारांची रांग वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. दहा वर्षं मी ज्याला लाज म्हणत होते, ती माझी नव्हतीच. ती लोकांनी माझ्याकडे ठेवायला दिली होती आणि मी ती निमूटपणे सांभाळत होते.

अण्णांचं बोट बाजूला सारलं. मधुमेहासमोरचा ‘नो’ खोडला. वर ‘येस’ लिहिलं. शेजारी छोटी सही केली.

"आगं, आगं, काय करतीस?" अण्णा अर्धे उठले.

आप्पा खालच्या आवाजात म्हणाले, "बाळ, घरी बोलू या. चल."

आक्कांनी साहेबांकडे पाहिलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गडहिंग्लजला पोचणार होती. पोचू दे. मी फॉर्म उचलला, साहेबांच्या समोर सरळ ठेवला. त्या खोलीत माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"मला चौदाव्या वर्षापासून मधुमेह आहे. रोज दोन इंजेक्शनं घेते, पुढेही घेणार. फॉर्मवर हे असंच राहील. विमा नाकारायचा तर नाकारा. पण का नाकारला ते लिहून, सही-शिक्का मारून, माझ्या नावानं द्या. तो कागद हातात पडेपर्यंत मी इथून उठणार नाही."