मोटेच्या चामड्याची टाच

शीर तुटली तेव्हा मला वाटलं, कोणीतरी मागून टाचेवर धोंडा मारला.

हिवाळ्याचे दिवस होते. शाळा सुटल्यावर मी मळ्यात गेलो होतो. शेजाऱ्याची गाय आमच्या हरभऱ्यात शिरलेली दिसली म्हणून धावत निघालो. धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडायला उडी घेणार, तोच उजव्या टाचेच्या वर काहीतरी फटकन बसलं. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला आणि मी तोंडघशी पडलो. वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं. विहीर होती, विहिरीवर इंजिनाची खोली होती. तरी माझी खात्री होती की कोणीतरी मारलं आणि इंजिनाच्या खोलीमागे दडलं.

आणि हे मला लिहायलाच हवं, की त्या क्षणी मनात पहिल्यांदा कोण आलं, तर आमच्या गावातले, बैलांना नाल मारणारे नालबंदचाचा.

बायको वांगी तोडत होती. ती धावत आली. मी तिला म्हणालो, "नालबंदानं धोंडा मारला मले."

तिने माझा पाय पाहिला, मग आजूबाजूला पाहिलं. "कुठं हाये धोंडा?"

धोंडा नव्हता. तिथली माती मऊ होती, चिंचोक्याएवढा खडासुद्धा नव्हता.

"चाचा कालपासून लेकीकडं गेलेत मलकापूरले," ती म्हणाली. "तिथून मारला का त्यायनं?" मग माझ्या काखेत हात घालून मला उठवता उठवता हळूच म्हणाली, "तुमाले त्यायचंच भेव काऊन वाटते, हे मले माहीत हाये."

तिला माहीत होतं. गावात आणखी कोणाला माहीत नव्हतं. एक मी, एक ती आणि तिसरे खुद्द चाचा.

झालं होतं ते असं. त्याच्या दोन वर्षं आधी माझ्याकडे एक पांढरा खोंड होता. जोडीतला दुसरा साधारण होता, पण हा पळायला लागला की लोक बघत राहत. मी शाळामास्तर, घरची सात एकर शेती. शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवणं हे मास्तरचं काम नव्हे, असं मला गावातले मोठे लोक सांगत, आणि त्यामुळेच मला ते जास्त करावंसं वाटे. पटाच्या तीन दिवस आधी चाचांकडून त्याला नाल मारून घेतले. चाचांनी त्याला दोराने अलगद आडवा पाडला, चारही पाय बांधले, खूर तासला. तासताना ते थांबले. अंगठ्याने खूर दाबून पाहिला. मग म्हणाले, "मास्तर, खूर कवळा हाये. आठ दिवस पटावर नेऊ नका. गाडीले जुपा, हळूहळू चालवा."

मी हो म्हणालो आणि तिसऱ्या दिवशी पटावर नेला.

खोंड अर्ध्या पटातच लंगडला. उजव्या मागच्या खुरातला खिळा सरकून आत जिवंत भागात शिरला होता. लोक गोळा झाले. काय झालं, काय झालं, सगळे विचारत होते. चार गावची माणसं होती. मी म्हणालो, "नालबंदानं खिळा खोल मारला."

एवढं एकच वाक्य. मी ते दुसऱ्यांदा कुठे बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही. मास्तर कशाला खोटं बोलेल, म्हणून लोकांनीच ते अमडापूरच्या बाजारापर्यंत नेलं. बाजारात लिंबाखाली चाचा बसायचे. त्यांच्यापुढे बैलांची रांग असायची. ती पाहता पाहता आटली. लोक दुसऱ्या नालबंदाकडे जायला लागले. मीही गेलो. चाचांकडे गेलो असतो तर माझं खोटं उघडं पडलं असतं ना.

ते मात्र दुसऱ्याच दिवशी न बोलावता आमच्या गोठ्यात आले होते. खिळा काढला, पू काढला, कढत तेलात कापूस बुडवून खूर भरला, असे दहा-बारा दिवस येत राहिले. मला एका शब्दाने काही विचारलं नाही. मी त्या दिवसांत ते येण्याच्या वेळी शाळेत जायचो. शाळेला सुटी असली तरी जायचो.

तर असा तो धोंडा होता.

अकोल्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटरी दाबून पाहिली आणि सांगितलं, टाचेवरची जाड शीर पूर्ण तुटली आहे, शिवावी लागेल. मी भीत भीत विचारलं, कोणी धोंडा मारला तर अशी तुटते का? ते हसले. म्हणाले, "सगळे हेच विचारतात. कोणीतरी मागून मारलं, असंच वाटतं. कोणी मारलेलं नसतं." त्यांनी ते सहज सांगितलं. मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

ऑपरेशन झालं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, चवडा खाली झुकवलेला, घोड्याच्या खुरासारखा. महाराष्ट्र राज्य होऊन दहाबारा वर्षं झाली होती तरी आमच्या गावाला अजून पक्की सडक नव्हती. मला बैलगाडीत गवतावर निजवून घरी आणलं. गाडीला तोच पांढरा बैल होता. तो बरा झाला होता, पण पळण्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं. पोटरी सुकून काडी झाली होती. डॉक्टरांनी कागदावर बुटाचं चित्र काढून दिलं. टाच एकदम जमिनीला टेकवायची नाही, शीर नवीन आहे, ताणली तर पुन्हा तुटेल. बुटाला दोन बोटं उंच टाच लावायची आणि ती हळूहळू कमी करत आणायची. गावच्या मोच्याने लाकडाचा एक ठोकळा बुटाखाली ठोकून दिला. त्यावर मी काठी घेऊन चाललो, तर कंबर भरून आली आणि पाय बाहेरच्या अंगाला पडायला लागला. पंधरा दिवस तसेच गेले. हेडमास्तरांचा निरोप आला, केव्हा रुजू होता? 

एका सकाळी ओसरीवर बसलो होतो. बायको फाटकातून आत आली. मागे नालबंदचाचा. खांद्यावर त्यांची पिशवी, हातात दोर.

मी उठायला गेलो, तर पाय लटपटला.

"बसा, बसा," चाचा म्हणाले. "बाई म्हणे, मास्तरचा पाय वाकडा पडून राह्यला. खाली पाडा लागते का? दोर आणलाय मी."

बायको खदखदून हसली. मला हसू येईना. ते माझ्यासमोर उकिडवे बसले. तोंडाने खिळे धरून धरून त्यांचे ओठ कडेला घट्टे पडल्यासारखे झाले होते. म्हणाले, "चाला जरा."

मी अंगणात चाललो.

"अजून एकदा. काठी ठेवा."

मी काठी ठेवून चाललो. ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हते, खाली फक्त पायांकडे पाहत होते. मग बूट मागून घेतला, उलटा केला, तळ कुठे झिजला त्यावर अंगठा फिरवला. तोच अंगठा. खोंडाचा खूर दाबून पाहिला होता तो.

"मास्तर, तुमी पाय टाकून नाही राह्यले, पाय लपवून राह्यले. भेव वाटते तुमाले. अन् एकाच पायाले टाच काऊन? एका पायाले नाल मारला तं बैल वाकडा चालते. दोन्ही बूट उंच पाह्यजेत."

हे ना डॉक्टरांनी सांगितलं होतं, ना मोच्याला सुचलं होतं. मी मात्र ते ऐकल्याबरोबर ओळखलं, कारण कंबर रोज तेच सांगत होती.

"चामडं पाह्यजे," चाचा म्हणाले. "जाड. पाण्यात मुरलेलं."

बायको गोठ्यात गेली आणि माळ्यावरची, पूर्वी विहिरीचं पाणी ओढायची जुनी मोट ओढत घेऊन आली. इंजिन बसल्यापासून ती तशीच पडून होती. चाचांनी तिचं चामडं दुमडून पाहिलं, नाकाशी धरलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "हे तं सोनं हाये," म्हणाले. "पंधरा-वीस वर्षं पाणी प्यालं हे. आता हे दबत नाही अन् फुगतही नाही."

मग ते काम करत बसले. मी आयुष्यात पुष्कळ माणसं काम करताना पाहिली, शाळा तपासणारे साहेबही पाहिले. पण हाताला असा विसावा असलेला माणूस पाहिला नाही. मोच्याचा ठोकळा उपटून टाकला. रापीने त्यांनी दहा तुकडे कापले, एका बुटाला पाच. मोजपट्टी नव्हती. प्रत्येक तुकडा आधीच्यावर ठेवून नखाने कड पाहायची, की झालं. बांबूच्या बारीक खुंट्या करून थरावर थर ठोकले. लोखंडाचा खिळा नाही. का नाही, ते मी विचारलं नाही. त्यांनी आपणहूनच सांगितलं, "थर काढा लागतीन ना. लोखंड ओढलं तं चामडं फाटते. दर आठ दिवसाले एक थर काढू. पाच थर निघाले की पाय जमिनीवर."

बूट घालून मी उभा राहिलो. दोन बोटं उंच झालो होतो.

"चांगलं झालं," बायको म्हणाली. "नवरा उंच भेटला. लग्नात भेटला असता तं आमच्या बाबानं अजून एक भांडं देल्लं असतं."

त्या दिवशी मी काठीशिवाय फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो.

दर आठ दिवसांनी, बाजाराला जाता जाता, चाचा येत. बूट मागत, तळ पाहत, "आता बरोबर झिजून राह्यला," म्हणत, दोन्ही बुटांचा एकेक थर काढत. थर काढला की पहिले दोन दिवस टाचेवर ताण येई. मला वाटे, तुटली. ते म्हणत, "ओढते ना? ओढू द्या. ओढल्याशिवाय लांब कशी होईन?" मग चहा पीत, पांढऱ्या बैलाच्या पाठीवर थाप मारत आणि निघून जात. बाजारात त्यांच्यासाठी कोणी थांबलेलं नसे, हे मला माहीत होतं. तरी ते वेळेवर जात.

चौथा थर काढायच्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. बायको चुलीपाशी होती, तिला ऐकू जाईल अशा बेताने मी म्हणालो, "चाचा, त्या वर्षी खिळा तुमी खोल नव्हता मारला. मी तिसऱ्या दिवशी पटावर नेला होता. मी खोटं बोललो."

त्यांची रापी थांबली नाही. थर निघाला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"मले माहीत हाये ना," ते म्हणाले. "म्याच नाही का खिळा काढला? वाकला होता. पळल्याशिवाय तसा वाकत नाही."

"मंग तुमी बोलले काऊन नाही?"

"म्या बोललो असतो तं तुमी अजून बोलले असते. मंग मी. बैल तिकडं लंगडतच राह्यला असता." त्यांनी बूट माझ्या हातात दिला. "घाला. चाला."

मला फार हलकं वाटलं. माफी मागून झाली, असं वाटलं. चाचा गेल्यावर बायको पदराला हात पुसत बाहेर आली.

"झालं?" तिने विचारलं.

"हो. सांगतलं."

"कुठं सांगतलं?"

"इथं. तुह्यासमोर."

"अन् खोटं बोलले होते कुठं?"

एवढं बोलून ती आत गेली. भाकरी करपत होती.

आठ दिवसांनी मी शेवटचा थर काढायला चाचांची वाट पाहिली नाही. पांढऱ्या बैलाचे नाल झिजले होते. त्याला कासऱ्याला धरून मी अमडापूरच्या बाजाराला निघालो, पायी. चार मैल. बायको म्हणाली, गाडी जुपा. मी नको म्हणालो. दोघं सारख्याच चालीने चाललो, तो आणि मी. वाटेत दोनदा थांबलो, एकदा त्याच्यासाठी, एकदा माझ्यासाठी.

लिंबाखाली चाचा एकटे बसले होते. पलीकडे दुसऱ्या नालबंदाकडे पाच-सहा बैल आणि त्यांचे मालक. मला त्या बाजूला न जाता इकडे येताना पाहून त्यांची बोलणी थांबली. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "मास्तर, इकडं या बे... या ना! तिकडं कुठं चालले? इसरले का?"

"नाही इसरलो," मी म्हणालो.

चाचांनी बैलाला आडवा पाडला. त्याने अंग टाकलं ते असं, जणू रोजच इथे निजायचा. चाचांनी खूर तासला, अंगठ्याने दाबला आणि वर न पाहता, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "खूर चांगला हाये. तरी आठ दिवस पळवू नका."

मी त्या माणसांकडे वळलो. वर्गात बोलतो तसं बोलायचं ठरवून आलो होतो, पण तसं आलं नाही.

"त्या वर्षी चाचायनं मले हेच सांगतलं होतं," मी म्हणालो. "मी तिसऱ्या दिवशी पटावर नेला. खिळा नीट होता. मी खोटं बोललो."

मग तो म्हातारा म्हणाला, "दोन वर्षं लागले का मास्तर, एवढा धडा पाठ कराले?" दोघंतिघं हसले. मीही हसलो असेन. मान मात्र वर करवेना.

पुष्कळ लोक एकदम चाचांकडे आले, असं काही झालं नाही. रांग लागायला पुढचं पूर्ण वर्ष गेलं. त्या दिवशी फक्त तो म्हातारा उठला, आपला बैल सोडून लिंबाखाली घेऊन आला, आणि कोणाला काही न म्हणता माझ्या बैलामागे उभा राहिला.

पांढऱ्याचं झालं. तो उठून उभा राहिला. चाचांनी तोंडातले उरलेले खिळे हातावर काढले आणि मला म्हणाले, "बूट काढा."

म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं. "अन् माह्या बैलाचं?"

"थांब ना. मास्तर पयले आला," चाचा म्हणाले, आणि माझी टाच मांडीवर घेऊन शेवटचा थर सोडवायला लागले.