आक्काची जपानी पट्टी

आक्का कुठलीच चिकटपट्टी सरळ कागदावर लावायची नाही. नखाने टचकन तोडायची, स्वतःच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर चिकटवायची, सोलून काढायची आणि मगच कागदाला लावायची. कुणी विचारलं की म्हणायची, "आदी आपल्या कातड्याला, मग लोकाच्या कागदाला." त्याने म्हणे डिंकाचा जोर उतरतो आणि पुढे कधी पट्टी काढायची वेळ आली तर कागदाचा पापुद्रा निघत नाही.

पण पट्टी हातावरच विसरायची खोडही तिचीच. एकदा माळेगावला कुणाच्या तरी मातीला गेली, तर हातावर गुलाबी पट्टी, त्यावर उड्या मारणारे ससे. रडणाऱ्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. आक्काने हात बघितला, गपचूप पदराखाली घेतला आणि रडणं पुढे चालू ठेवलं. घरी येऊन मला सांगते, "म्हातारा उठून बसला न्हाय, हेच नशीब."

माझं बारामतीत पिको-फॉलचं दुकान. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. भिंतीपलीकडच्या खोलीत आक्का एकटी राहायची आणि लोकांच्या लेकींची रुखवतं करून द्यायची. सुपारीचे भटजी, खोबऱ्याची तुळस, बांगड्यांचा पाळणा, हे सगळं तुम्हीही लग्नात वाकून वाकून बघितलं असेल. माहेर अंथुर्ण्याचं. आजोबांच्या काळी घरात मेंढरं होती, आता भाऊ ऊस करतो. सासरबद्दल मात्र ती चकार शब्द काढायची नाही, आणि मी एवढी तोंडाळ बाई, पण मीही कधी विचारलं नाही.

मग पोरी बदलल्या. "आक्का, भटजी नको, स्क्रॅपबुक करा," म्हणायला लागल्या. म्हणजे नवरीचं लहानपण, शाळेची बक्षिसं, आईच्या साडीचा काठ, साखरपुड्याचे फोटो, सगळं एका जाड पानांच्या वहीत सजवून रुखवताच्या टेबलावर मांडायचं. आक्काने हे काम हट्टाने शिकून घेतलं. पहिल्या पुस्तकाला साधी चिकटपट्टी लावली, ती वर्षात पिवळी पडली. मग स्टेशनरीच्या दुकानात तिला ती जपानची कागदी पट्टी सापडली. पातळ, फुलाफुलांची, हाताने तुटणारी. निळीवर पिवळी लावली की मधे हिरवी दिसणारी. आक्का खुळावलीच. "आगं, चिकटती बी आन् सोडती बी. माणसात असा गुण कुठं घावतो?" तिच्या खोलीत खिळ्याला दोरी बांधून त्यात बांगड्यांसारखी रिळं ओवलेली असायची. पट्टीनेच फोटो लावायचे, डिंकाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा. नवरीची आई म्हणायची, जरा पक्कं चिकटवा की. आक्का म्हणायची, "पक्कं कशाला? दगडावरची रेघ हाय का? काढता आलं पायजे."

शुभकार्यात असलं अभद्र बोलते म्हणून मी तिच्यावर कितीदा तरी खेकसले आहे.

माझ्या ऋतुजाचं लग्न ठरलं तेव्हा पुस्तक आक्काच करणार हे उघडच होतं. ऋतुजा इंदापूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. रोज सकाळची एसटी, संध्याकाळी घर. मुलाकडचे म्हणाले, नोकरी सोडायला लावा. तिने सोडली. मला ते खटकलं होतं, पण स्थळ चांगलं, घर बागायतदार, मी गप्प बसले. पत्रिका वाटून झाल्या. पुस्तक तयार झालं. आणि लग्न तोंडावर आलेलं असताना मुलाच्या काकाचा फोन आला की मुलगा नाही म्हणतोय. बस्स, एवढंच. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

ऋतुजा आतल्या खोलीत गेली ती बाहेरच येईना. जेवण दारात ठेवायचं, अर्धं परत यायचं. "मला कुणाला तोंड दाखवायचं नाही," एवढंच बोलायची. नोकरी गेली, लग्न गेलं, आणि माझी हसतीखेळती पोर माझ्या डोळ्यांदेखत मिटत चालली. मला दुसरं काही सुचेना, तेव्हा मी ते पुस्तक उचललं आणि अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घालायला निघाले. आक्काने माझ्या हातातून ते हिसकावलं.

"तुजं हाय का?"

"माझ्या लेकीचं आहे!"

"मग लेक ठरवंल. तू पिको कर."

त्या दिवसापासून आक्का रोज दुपारी पुस्तक घेऊन ऋतुजाच्या दारात येऊन बसायची. शेंगा फोडायची, चहा प्यायची, कधी भिंतीला टेकून घोरायची. आतून आवाज यायचा, "आक्का, जा ना." आक्का म्हणायची, "बसलीया मी. मला कुठं कलेक्टरला भेटायचंय?" मला वाटायचं, काय हा चिवटपणा! शेवटी एकदा आतून किंचाळीच आली, "फाडून टाका ना ते!"

"फाडायचं आसतं तर तुज्यापाशी कशाला आले आस्ते? गल्लीतली शेळी बी फाडंल. हे सोडवायचंय. त्याला माणूस लागतं."

दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. आक्काने आधी पुस्तक पुढे केलं नाही. कमरेच्या पिशवीतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. त्यावर डिंकाने चिकटवलेला जुना फोटो. उजवी बाजू ओरबाडलेली, नुसता पांढरा पुठ्ठा. डावीकडे हिरव्या शालूतली एक नवरी, पण तिचाही खांदा नाही, गाल नाही, एकच डोळा.

"ही मी," आक्का म्हणाली. "त्यानं दुसरी आणली. मी त्याला टराटरा फाडला. राग त्याच्यावर, आन् तोंड गेलं माजं. तरण्यापणीचा येवढाच फोटो हुता."

मी मशीनवरून उठून दारात आले होते. इतक्या वर्षांची शेजारीण, आणि हे मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

मग दोघी पुस्तक घेऊन बसल्या. आक्काने पट्टीला हात लावला नाही, सगळं ऋतुजाकडून करून घेतलं. "कोपऱ्यातनं नख घाल. वर वडू नको, मागं दुमड. सावकाश. कागद आपला हाय."  मधेच पोरीला हुंदका आला, तिने एक पट्टी जोरात ओढली. आक्काने नुसतं तिचं मनगट धरलं आणि हुंदका सरेपर्यंत धरून ठेवलं. त्या मुलाचे सगळे फोटो निघाले आणि एका पाकिटात गेले. त्याच पाकिटात अंगठी गेली आणि पाकीट त्याच्या घरी गेलं. पुस्तकात ऋतुजाची शाळा राहिली, माझ्या साडीचा काठ राहिला आणि मधे मधे कोरी पानं.

रात्री ऋतुजा पोटभर जेवली. सकाळी म्हणाली, "आई, निळा ड्रेस कुठे आहे? इंदापूरला जाऊन येते."

आक्का म्हणाली, "मी बी येते." कशाला विचारलं तर, "बशीत खिडकी मिळती."

लॅबमध्ये काय झालं ते ऋतुजाने हसत हसत सांगितलं. डॉक्टर म्हणाले, जागा भरली, बघू पुढे. ऋतुजा निघायला उठली. आक्का मात्र बाकड्यावरून हलेना. पेशंट आले, गेले, दुपार झाली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आजी, तुमची कसली तपासणी आहे?"

"माजी न्हाय. तुमचीच चाललीया."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, "काय निघालं रिपोर्टात?"

"माणूस बरं वाटतंय. पोरीला परत घेतलं तर पक्कं सांगता येईल."

पुढच्या महिन्यापासून ऋतुजा पुन्हा सकाळच्या एसटीला उभी राहायला लागली. बस स्टँडवर लोक बघायचे, कुजबुजायचे. ती मान वर करून उभी राहायची. आता त्याच लॅबमध्ये ती नव्या मुलींना शिकवते. लग्नाचं म्हणाल तर तिचं ती बघेल. मी त्या विषयात तोंड घालत नाही, आणि मला ओळखणाऱ्यांना हे किती अवघड आहे ते ठाऊक आहे.

आक्का गेल्या थंडीत अंथुर्ण्याला वारली. त्याआधीच तिची नजर गेली होती, म्हणून भावाने तिला घरी नेलं होतं. भिंतीपलीकडून आता काही आवाज येत नाही आणि दुपारी माझ्या मशीनचा आवाज मलाच मोठा वाटतो.

आम्ही तिला शेवटचं भेटायला गेलो तेव्हा ऋतुजाने पुस्तक बरोबर घेतलं होतं. आक्का ओसरीवर बाजेवर बसली होती. पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. ऋतुजा एकेक पान सांगत गेली. हा लॅबमधला फोटो, हे आईचं नवीन मशीन, ही मैत्रिणींबरोबरची सहल. बोटांनी पानं मोजत आलेली आक्का एका पानावर थांबली.

"हे साखरपुड्याचं पान न्हवं?"

"हो."

"काय लावलंयस हितं?"

"काही नाही. कोरंच आहे."

आक्काने तळहात पानावरून फिरवला. मग बोटांची टोकं, कडेने, कोपऱ्यातून, मधून. खरवड लागते का, चिकट लागतं का, ते बघत राहिली.

"कुठं हुता गं त्यो?"

ऋतुजा वाकली. पान उजेडाकडे तिरकं धरून तिने वरखाली बघितलं.

"आक्का, खरं सांगू? मलाही सापडत नाही."

"माजा मला घावतो," आक्का म्हणाली. "आजून."

मग तिने पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून त्या कोऱ्या पानावर हात फिरवायला सुरुवात केली, आणि आम्ही दोघींनी तिला पाहिजे तितका वेळ फिरवू दिला.