गाडीतली ऊब

परवा फोनवर तू म्हणालीस, "अज्जी, आमच्याकडे दोन विरुद्ध दोन झालंय. आता तुझं मत हवं." नव्या गाडीसाठी तू आणि बाबा डिझेलच्या बाजूने, आई आणि धाकटा विरोधात. बाबाने तुम्हाला सांगितलंय की म्हैसूरच्या घरी डिझेलची गाडी होती, थंडीत सकाळी तो तिच्यात बसायचा आणि ती ऊब त्याला अजून आठवते. तो सांगतो ते खरं आहे. पण त्या गाडीबद्दल त्याला तेवढंच आठवतं. तो तेव्हा पहिलीत होता. मला बरंच आठवतं, म्हणून मत देण्याआधी क्रमाने लिहून काढते. माझं मराठी वाचायला अवघड गेलं तर बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांग.

आधी गाडी का घेतली ते. तुमचे अज्जा कडकोळच्या एका कारखान्यात होते आणि आम्ही गोकुलमला राहत होतो, म्हणजे शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाला. तेव्हा गोकुलम आजच्यासारखं नव्हतं. योग शिकायला आलेले परदेशी लोक नव्हते, घरांच्या मधे मोकळे प्लॉट होते. पेट्रोलवर रोज एवढं अंतर जाणं आमच्या पगारात बसत नव्हतं. अज्जांच्या ओळखीच्या मेकॅनिकने एका जुन्या, गोल पाठीच्या मोठ्या गाडीतलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं आणि ती आमच्या दारात आणून उभी केली. त्या काळी असं सर्रास करत. गाडीत आम्ही सगळे मावायचो, वर नात्यातले दोघे-तिघे. तलकाडला जाऊन वाळूतली देवळं बघून संध्याकाळी परत यायचो. हिशोबाने बघितलं तर गाडी आम्हाला परवडत होती, आणि हे मी आजही नाकारत नाही.

पण डिझेलचं इंजिन सकाळी सहजी उठत नसे. आधी किल्ली अर्धी फिरवून डॅशबोर्डवरची बारीक तार लाल होईपर्यंत थांबायचं, मग चालू करायचं. चालू झालं की सगळं घर थरथरायचं. आणि लगेच निघायचं नाही. इंजिन तापेपर्यंत गाडी जागेवरच चालू ठेवायची, असा अज्जांचा नियम होता. शेड घराला लागूनच होती, समोरून उघडी आणि तीन बाजूंनी बंद.

तुझ्या बाबाची छाती थंडीत वाजायची. आधी फक्त खोकला, मग श्वास बाहेर सोडताना बारीक शीळ. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत मी त्याच्या छातीला कान लावूनच झोपायची. डॉक्टर म्हणायचे, थंडी, धूळ, गोड खाणं. माझ्या सासूबाई, म्हणजे त्याची अज्जी, यांनी त्यातली थंडी तेवढी धरून ठेवली. त्यांना दिसलं की अज्जा गाडी तापवतात तेव्हा आत छान ऊब येते. मग रोज सकाळी त्याला कानटोपी घालून, शाल गुंडाळून त्या गाडीत नेऊन बसवायच्या.

"बस पुट्टा, उबेत बस. छाती मोकळी होईल," म्हणायच्या. पुट्टा म्हणजे बाळा. आणि वारा लागू नये म्हणून काचा घट्ट वर करायच्या.

त्याला फार आवडायचं. वडिलांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायचं, दूध तिथेच प्यायचं. तो जी ऊब म्हणतो ती हीच. गाडीचा पत्रा जुना होता, पायाखालच्या मॅटखाली गंजून भोकं पडली होती. निळसर धूर शेडमध्ये कोंडायचा आणि तिथून आत यायचा. आम्हाला वास यायचाच, पण डिझेलच्या गाडीला वास असणारच असं आम्ही धरून चाललो होतो. त्याला दम लागला की सासूबाई दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत आणखी थोडा वेळ बसवायच्या.

मग दसरा आला. आयुधपूजेच्या दिवशी आपल्याकडे काय करतात ते तुम्ही फोटोत पाहिलंय. घरातली विळी, कात्री, शिवणयंत्र, अज्जांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर, सगळं धुऊन गंध-कुंकू लावून मांडतात. गाडीला झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, समोर कोहळा फोडायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची. आणि सासूबाईंचा नियम असा की पूजा झालेल्या वस्तूला दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवलेली असे. गाडी तर नाहीच नाही.

मी त्या दिवशी सकाळपासून धास्तावलेली होते. आदल्या दोन दिवसांत त्याची छाती बरीच वाजली होती. आज जोरात दम लागला तर गाडी बाहेर कशी काढायची, सासूबाई काढू देतील का, सणाच्या दिवशी रिक्षा कुठे मिळेल, असं सगळं मनात चालू होतं. मी सारखी त्याच्यामागे फिरत होते. तो गाडीत बसायला मागत होता, सासूबाईंनी सांगितलं, "आज गाडी निजलीये, उठवायची नाही." तो रुसला आणि मग अंगणात खेळत बसला.

दुपार झाली, संध्याकाळ झाली. मी त्याला जवळ घेऊन छातीला कान लावला. शीळ नव्हती. दुसऱ्या बाजूला लावला. तिथेही नव्हती.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण मी आठवत गेले आणि लक्षात आलं की रविवारीही, अज्जा उशिरा उठतात आणि गाडी निघत नाही तेव्हा, तो बरा असतो. दम लागला की आम्ही ज्या गाडीत घालून त्याला डॉक्टरकडे न्यायचो, तिच्यामुळेच तो लागत असेल तर?

रात्रीचं जेवण वाढताना मी अज्जांना म्हटलं, "आज गाडी सुरू झाली नाही आणि आज त्याची छाती वाजली नाही."

"एका दिवसावरून काय ठरवतेस?" ते म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीतून काय अगरबत्तीचा धूर येतो?"

"मी पेट्रोलचं म्हणत नाही. ही गाडी घरात चालू नको, एवढंच म्हणते."

सासूबाई ताक ओतत होत्या. "सुम्मने, उगाच काहीतरी," त्या म्हणाल्या. "इंग्लिश शिकलेल्यांना थंडी दिसतच नाही. धूर मात्र दिसतो."

विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. जेवणं आटोपून जुन्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला जायचं होतं. वर्षातला गाडी सुरू करण्याचा तो मानाचा क्षण. आम्ही सगळे शेडमध्ये नटून उभे. तुझा बाबा नव्या शर्टात, हातात पानांची पुडी घेऊन, नेमका गाडीच्या मागे उभा राहिला, कारण लिंबं चिरडताना त्याला बघायची होती. एक दिवस थंड राहिलेलं इंजिन दोनदा घरघरलं आणि तिसऱ्यांदा सुरू झालं. काळ्या धुराचा लोट बाहेर आला. क्षणभर मला त्याचा शर्टसुद्धा दिसेना.

मी त्याला ओढून बाजूला घेतलं तेव्हा तो खोकत होता. गाडीत बसेपर्यंत शीळ सुरू झाली आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याचे खांदे वर-खाली होऊ लागले. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. एवढं आधी कधी झालं नव्हतं. बन्नीची पानं राहिली. अज्जांनी गाडी डॉक्टरांच्या घराकडे वळवली.

पण तो जंबूसवारीचा, हत्तींच्या मिरवणुकीचा दिवस. मिरवणूक राजवाड्यातून निघून बन्नीमंटपाकडे जाते आणि डॉक्टर नेमके त्या रस्त्यापलीकडे राहायचे. जागोजागी बांबूचे अडसर आणि माणसांची गर्दी. आम्ही एका रांगेत अडकलो. पुढे बस, मागे जीप, दोन्ही धूर ओकत होत्या, आणि आमची गाडी खालून. मी काचा खाली केल्या. सासूबाईंनी त्यांच्या बाजूची वर केली. "वारा लागेल त्याला."

"लागू दे," मी म्हटलं आणि हात लांब करून ती खाली केली. सासूबाईंशी मी अशी कधी वागले नव्हते. त्यांनी पदराने त्याचे कान झाकले.

मग मी अज्जांना म्हटलं, "इंजिन बंद करा."

"अगं, बॅटरी अर्धी गेलीये. बंद केली आणि परत लागली नाही तर? त्याला घेऊन कुठे जाणार या गर्दीत?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते घाबरले होते आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चालू ठेवावी तर धूर, बंद करावी तर भर रस्त्यात अडकून पडणार. मी मुलाच्या ओठांकडे पाहिलं. त्यांचा रंग मला आवडला नाही.

"नाही लागली तर उचलून नेऊ. बंद करा."

त्यांनी किल्ली फिरवली. खडखड थांबली आणि त्याचा श्वास सगळ्या गाडीत ऐकू येऊ लागला. इतका वेळ इंजिनाच्या आवाजात तो बुडाला होता. माझ्या आयुष्यात मी त्यापेक्षा भीतिदायक काही ऐकलेलं नाही. दार करकरावं तसा तो येत होता, आणि मध्येच थांबत होता.

एक पोलीस काठी आपटत आला. "गाडी हिंदक्के तगोळ्ळि," म्हणाला, म्हणजे गाडी मागे घ्या. मग आत वाकून त्याने मुलाला पाहिलं. बांबू उचलून त्याने आम्हाला वाट करून दिली. अज्जांनी मुलाला खांद्यावर घेतलं, मी पुढे होऊन "दारी बिडी, दारी बिडी," वाट सोडा, वाट सोडा, ओरडत निघाले. रेशमी साडीतल्या सासूबाई हार घातलेल्या त्या गाडीत एकट्याच मागे राहिल्या.

डॉक्टर गच्चीवर मिरवणूक बघायला बसले होते. त्यांनी इंजेक्शन दिलं. नंतरचा वेळ मी नुसती त्याच्या गळ्याखालच्या खळग्याकडे बघत बसले. बाहेर बँड वाजत गेला, लोकांचा कल्लोळ झाला, हत्ती गेले असतील. खळगा हळूहळू उथळ झाला. मग तो म्हणाला, "अम्मा, मला हत्ती दिसला नाही," आणि अज्जा खोलीबाहेर निघून गेले.

मी डॉक्टरांना गाडीचं, शेडचं, बंद काचांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्यामुळेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण माझा मुलगा असता तर मी त्याला तिच्याजवळ जाऊ दिलं नसतं."

गाडी आम्ही विकली नाही. विकून दुसरी घेण्याची ऐपत नव्हती, आणि कारखाना होता तिथेच होता. पण दुसऱ्या सकाळपासून नवी पद्धत सुरू झाली. गाडी शेडमध्ये चालू करायची नाही. ढकलत फाटकाबाहेर न्यायची, उतारावर, मोकळ्या प्लॉटपाशी, आणि तिथे सुरू करायची. अज्जा खिडकीतून एका हाताने स्टिअरिंग धरायचे आणि मी मागून जोर लावायची. पहिल्या दिवशी गाडी उंबऱ्याच्या फरशीला अडली ती हलेना. तेवढ्यात माझ्या शेजारी काकणं वाजली. सासूबाईंनी पदर खोचून दोन्ही हात डिकीवर टेकवले होते.

"बघत काय राहिलीस? लाव जोर," त्या म्हणाल्या. धुराबद्दल त्या पुढे कधीही बोलल्या नाहीत, आणि ढकलायला कधी चुकल्याही नाहीत.

शेजारचे रिटायर्ड गृहस्थ रोज फाटकावर उभे राहून बघायचे. एकदा म्हणाले, "काय हो, स्वस्त म्हणून डिझेलची घेतलीत आणि आता ढकलतच नेता? मग डिझेल तरी कशाला भरता?" अज्जाही हसले. मी मात्र खिडकीकडे बघत होते, तुझा बाबा आतच आहे ना ते पाहायला.

त्याचा दम कमी झाला, पूर्ण गेला नाही. पुढे अंगात वाढ झाली तसा तो मागे पडत गेला. कोणता उपाय किती लागू पडला, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांसारखी मीही शपथ घेणार नाही.

आता तुझा बाबा म्हणतो, "अम्मा, ते इंजिन वेगळं होतं. आता नळीत गाळणी असते, धूर दिसतच नाही." असेल. तो शिकलेला आहे आणि माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. लांबच्या रस्त्यावर भरपूर ओझं घेऊन जायचं असेल तर डिझेलला तोड नाही, हे अज्जाही म्हणायचे. पण तू सांगितलंस की तुमच्याकडे थंडीत गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी आधी तापवतात, आणि गॅरेजच्या वरच धाकट्याची खोली आहे. आणि गेल्या हिवाळ्यात धाकटा रात्री खोकत होता, हेही तू सहज बोलता बोलता सांगितलंस. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. दिसणारा धूरसुद्धा आम्ही इतके महिने पाहिला नव्हता.

तेव्हा माझं मत आई आणि धाकट्याच्या बाजूने. तीन विरुद्ध दोन.

आणि एक काम कर. हे बाबाने वाचून दाखवलं असेल तर वाचताना तो मध्ये कुठे थांबला का, ते मला फोनवर सांग. शब्द अडला म्हणून थांबला, की दम घ्यायला, तेही नीट आठवून सांग.