भागाबाईचे तीन रुपये

भागाबाई सुईणीला बोलवायला कोणी धावत आलं की तिचा पहिला प्रश्न अडलेल्या बाईबद्दल नसे. "कोन्या गावचे?" एवढंच ती विचारायची. माणूस अमरावतीतलाच निघाला, तर हातातली भाकरी तशीच टोपल्यात टाकून ती त्याच्यापुढे चालू लागायची. त्याने नगर, खानदेश असं लांबचं नाव सांगितलं, तर ती भाकरी पुरी करायची, वर पाणी प्यायची आणि म्हणायची, "तीन रुपये लागतीन. पहिले."

मी नगरकडचा शिंपी. समुद्रापलीकडे अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, असं आमच्या बाजारात जो तो सांगे. लढाईचं आम्हाला काय कळणार? पण अमरावतीत कापसाच्या गाठींवर तरट शिवायला माणसं मिळत नाहीत, दाभण धरता येणाऱ्याला दुप्पट मजुरी आहे, हे मात्र नीट कळलं. माझी बायको यशोदा तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. पहिलटकरणीने माहेरी जायचं. पण तिची आई वारलेली, आणि भावजयीने ठेवून घ्यायला नकार दिलेला. तेव्हा तिला गाडीत घालून मी वऱ्हाडात आलो.

अमरावतीत एका माळ्याच्या मळ्याच्या कडेला आम्हाला छपरी मिळाली. मजुरी खरोखरच दुप्पट होती, पण ज्वारी, जळण, भाडं सगळंच तिप्पट. दिवसभर दाबखान्याच्या, म्हणजे कापूस दाबून गाठी बांधायच्या कारखान्याच्या, आवारात गाठी शिवायच्या, संध्याकाळी भुवयांवरचा कापूस झटकत घरी यायचं आणि उरलेले आणे यशोदेच्या हातात द्यायचे. ती ते चिंधीत बांधून ठेवी. बाळंतपणाला पैसे लागतात, हे तोवर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आमच्या गावी सुईणीला सुगीला खळ्यावरून धान्य जाई, मूल झालं की खण-नारळ. किंमत कोणी सांगत नसे, कोणी विचारत नसे.

आठवा महिना लागला तेव्हा माळीणबाई मला म्हणाली की आता सुईण सांगून ठेवा. "भागा बोलाले कडू हाय, पन हात चांगला हाय तिचा." म्हणून मी एका सकाळी मांगवाड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. भागाबाई बाहेर आली. उंच, काटकुळी, कपाळावर मोठं गोंदण, आवाज पुरुषासारखा. वऱ्हाडातल्या बायका 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. तिच्या तोंडी ते फार शोभायचं. तिने गाव विचारलं, दिवस विचारले, आणि तीन रुपये सांगितले.

इथल्या लोकांकडून तर काहीच घेत नाही म्हणे, असं मी जरा चिडूनच विचारलं. ती रागावली नाही. समजावून सांगावं तसं म्हणाली, "इथल्यायच्या खळ्यावर माहा वाटा हाय जी. त्यायच्या घरी मी हकानं जातो, ते हकानं बोलावतात. तुमचं इथं खळं नाई, भाऊबंद नाई. तुमचा पैसाच तुमचा हक."

मी म्हणालो, ठीक, पण तीन? ती म्हणाली, "एक माहा. दोन लाकडायचे. बाई उठून बसली, की दोन वापस नेजा."

लाकडं कसली, हे मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. सरणाची.

तिने कारणही सांगितलं. पहिल्या साली, नवे लोक यायला लागले तेव्हा, एक परगावची बाई तिच्या हातून गेली. नवरा लाकडं आणतो म्हणून गेला तो परत आलाच नाही. बाई दीड दिवस पडून राहिली. गावातले त्या बाईच्या जातीचे लोक हात लावेनात, कारण कोणाची कोण माहीत नाही. आणि भागाबाईच्या भावांनी उचलायला घेतली तर तेच लोक मारायला उठले. शेवटी तिने स्वतःची पायलीभर ज्वारी विकून लाकडं घेतली. तेव्हापासून परगावच्या माणसाकडून ती आधीच पैसे घेई. बाळंतपणाच्या आधीच सरणाची बोली करणारी बाई म्हणून नव्या लोकांची सगळी वस्ती तिला शिव्या देई. एका गाडीवानाच्या बायकोकडे नाणंच नव्हतं, तर भागाबाईने तिची नथ घेतली होती. त्यावर फार बोभाटा झाला. ती बाई धडपणे उठली आणि नथ तिच्या नाकात परत आली, हे मात्र कोणी बोलत नसे.

घरी येऊन मी यशोदेला सगळं सांगितलं. असल्या अभद्र तोंडाची बाई माझ्या दारात नको, असं म्हणालो. यशोदा भाकरी थापत होती. थापता थापताच ती म्हणाली, "ती खरं बोलते हो. तिलाच सांगा. पैसे आहेत माझ्याजवळ."

मी ऐकलं नाही. अभद्र बोलण्याचा राग खरा होता, पण तेवढंच कारण नव्हतं. दोन-तीन आठवडे पोट मारून साठवलेले पैसे एका बाईच्या पदरात टाकायचे, हे माझ्या जिवावर आलं होतं. चार दिवसांत बाजारात मला दुसरी सुईण भेटली. आमच्यासारखी परगावचीच, गोड बोलणारी. एक रुपया आणि नारळ, तोही मूल झाल्यावर. तिने यशोदेचं पोट बघितलं, मुलगाच होणार म्हणाली, तोंडभरून आशीर्वाद दिला. दोन रुपये वाचले म्हणून मी त्या दिवशी अर्धा शेर गूळ घेऊन घरी गेलो. यशोदेने गूळ डब्यात ठेवला. खाल्ला नाही.

कापसाचा हंगाम भरात असताना तिला कळा लागल्या. सकाळची वेळ होती. मी त्या सुईणीला घेऊन आलो आणि बाहेर विहिरीच्या काठावर बसून राहिलो. ऊन डोक्यावर यायच्या आत मूल रडलं. मुलगी होती. मी उठलो, धोतर झटकलं, नारळ फोडायला दगड शोधू लागलो. दुपार कलायला लागली तरी मला कोणी आत बोलावलं नाही. मग मदतीला आत बसलेली माळीणबाई बाहेर आली, तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली की वार पडत नव्हती, म्हणून त्या बाईने नाळ धरून ओढली, आणि आता रक्त थांबत नाही. "भागाले आना," ती म्हणाली. "आता काई पाहू नका."

मी चिंधीतले पैसे मुठीत घेऊन पळालो. भागाबाई दारातच तूर पाखडत होती. मी नाव-गाव काही सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. पळता पळता मी मूठ पुढे केली. तिने फक्त विचारलं, रक्त कधीपासून जातं. मी सांगितलं, दुपारच्या आधीपासून. तिने पदर खोचला. मग म्हणाली, "बांधून ठेवा ते. लागतीन."

ती आत गेली तेव्हा दुसरी सुईण मागच्या बाजूने निघून गेली होती. पुढचं मला माळीणबाईने नंतर सांगितलं. भागाबाईने कोपरापर्यंत हात धुतले, आत राहिलेला वारेचा तुकडा काढला, दोन्ही मुठींनी पोट दाबून धरलं, मुलीला यशोदेच्या छातीशी लावलं. तासभर ती तशीच पोटावर वजन टाकून बसली होती. घामाने तिचं लुगडं भिजलं होतं. रक्त कमी झालं, पण अंगात उरलंच नव्हतं. यशोदा शुद्धीत होती. तिने मुलीचं तोंड पाहिलं. मग भागाबाईला विचारलं, "यांनी तुमचे पैसे दिले का?"

"देल्ले माय," भागाबाई म्हणाली. "सारे देल्ले."

दिवस मावळायच्या आधी यशोदा गेली.

पैसे माझ्याच मुठीत होते. भागाबाईने ते सगळे लाकडांसाठी घेतले आणि स्वतः जाऊन वखारवाल्याच्या दारात बाहेर उभी राहून लाकडं गाडीत भरून घेतली. दाबखान्यात जाऊन माझ्याबरोबर गाठी शिवणारे चौघे तिने बोलावून आणले. खांदा द्यायला माणसं मिळणार नाहीत, हे मला सुचलंही नव्हतं. तिला आधीच ठाऊक होतं. सगळी तयारी झाल्यावर ती मळ्याच्या बांधापलीकडे जाऊन उभी राहिली, आणि आम्ही निघालो तेव्हाही तिथेच होती.

दहाव्या दिवशी ती आली आणि म्हणाली, "माहा रुपया." माळीणबाईला ते फार लागलं. घरात असं झालेलं, आणि हिला रुपया हवा. पण मला, का कोण जाणे, बरं वाटलं. मी घरात जाऊन यशोदेची मणिमाळ आणली आणि म्हणालो, ही घ्या. तिने मान हलवली. "हे पोरीचं. मले माहा रुपया द्या." मी हप्त्याच्या मजुरीतून तो दिला. तिने तो पदरात बांधला आणि मग मुलीकडे पाहून विचारलं, दूध कोण पाजतं.

माळीणबाई पाजत होती. तिचा स्वतःचा मुलगा सहा महिन्यांचा होता, आणि बिचारी दयेनेच दोघांना छातीशी घेई. भागाबाईने तिच्या देखत मला सांगितलं की रोज तिला शेरभर ज्वारी द्यायची, आणि ती रोज मोजून द्यायची. माळीणबाई संकोचली, मला काही नको म्हणाली. भागाबाई म्हणाली, "तुले नको, हे आज. दया आठ दिवस पुरते. फुकटचं दूध आटते बाप्पा."

मी रोज शेरभर ज्वारी देत गेलो. आठ-दहा दिवसांतच माळीणबाईच्या सासूने खरोखर कुरकुर सुरू केली, की आपल्या नातवाच्या तोंडचं दूध परक्याच्या पोरीला कशाला. माळीणबाईने सुपातली ज्वारी दाखवल्यावर तिची कुरकुर थांबली. भागाबाईला माणसं अशी आरपार दिसायची, आणि जे दिसे ते ती बोलून टाकायची. म्हणूनच ती कोणाला आवडत नसे. मलाही तिचा लळा लागला, असं मी म्हणणार नाही. ती रस्त्यात भेटली की मुलीचं विचारायची. मी उभा राहून उत्तर द्यायचो, एवढंच.

पुढे समुद्रापलीकडची लढाई संपली. भाव पडले. दाबखान्याच्या आवारात तरटांच्या थप्प्या तशाच राहिल्या आणि जसे आले तसे लोक निघून जाऊ लागले. अकोल्याला आगगाडीचं काम चालू होतं. तिथे तंबू शिवायला माणसं हवीत असं कळलं, म्हणून मी जायचं ठरवलं. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. भागाबाईला सांगून जावं असं मनात आलं.

ती बांधाशीच भेटली. मी जातो म्हणालो. तिने अकोल्याला ओळखीचं कोणी आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग पैसा जपून ठेवजा. माणसं मंग जमतात." एवढ्यात माझ्या मागून पळत येणारी मुलगी ढेकळाला अडखळून तिच्या पायाशी पडली आणि रडू लागली. भागाबाई चटकन वाकली. हात पुढे आले आणि अर्ध्यातच थांबले. तिने ते मागे घेतले, दोन पावलं सरकली आणि म्हणाली, "घ्या जी तिले. गुडघा फुटला दिसते."

याच हातांनी ती तीन वर्षांपूर्वी तिला आईच्या छातीशी लावत होती. बाळंतपणाचे दिवस होते तोवर तिचा स्पर्श चालत होता. पुढे नाही. मी म्हणू शकलो असतो, तुम्हीच उचला. बांधावर दुसरं कोणी नव्हतं. मुलीला मीच उचललं, तिचा गुडघा पुसला. भागाबाई उभी राहून ते बघत होती. मग ती वळली आणि आपल्या वाटेने गेली.

दीड वर्षाने अकोल्याच्या बाजारात अमरावतीचा एक गाडीवान भेटला. तिकडे पटकीची साथ येऊन गेली होती. त्यात भागाबाई गेली, असं तो गाड्याला वंगण घालता घालता म्हणाला. गावात निम्मी माणसं तिच्या हातची. तिच्या मातीला कोणी गेलं होतं का, असं मी विचारलं. त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. मांगवाड्यात कोण जाणार, म्हणाला.

मी तिथे असतो, तर गेलो असतो का? त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की गेलो असतो. आता म्हातारपणी खोटं बोलण्यात काही मिळवायचं उरलेलं नाही. मी गेलो नसतो.