कार्बनकाकांची तिसरी प्रत

...हां, तर काल आपण चहापाशी थांबलो होतो. साहेब स्वतःच्या हातानं कपबशी घेऊन टायपिस्टच्या टेबलाशी आले, आणि कार्बनकाकांच्या मनात पाल चुकचुकली.

कार्बनकाका म्हणजे तारेच्या कारखान्यातले टायपिस्ट. सत्तावीस वर्षं तीच खुर्ची, आणि संशय असा की घराला कुलूप लावून निघाले तरी गल्लीच्या टोकावरून परत येऊन ते ओढून बघायचे. बायको म्हणायची, "अहो, त्या कुलपालाच आता तुमचा कंटाळा आलाय!" कुणाचाही जबाब टाइप करायचा, तर कागदांत दोन कार्बन घालून तीन प्रती. एक साहेबाला, एक फायलीला, आणि तिसरी, सही घेऊन, ज्याचा जबाब त्याच्याच हातात. नाव पडलं ते त्यावरूनच. कचेरी हसायची. काका म्हणायचे, "हसा लेको! कागदाला पाय फुटले की कळेल." साहेब मात्र नवे, सहा महिन्यांचे. ही चेष्टा त्यांच्या कानापर्यंत गेलीच नव्हती.

आदल्या दिवशी पहारेकऱ्याचा जबाब झाला होता. गोदामातून तांब्याच्या तारेची तीन वेटोळी गेली होती. दुपारी मुख्य कचेरीचे अधिकारी चौकशीला येणार, आणि दोष माथी बसला तर पहारेकऱ्याची नोकरी जाणार. वर इंग्रजीच चालायचं, म्हणून तो सांगेल ते काकांनी इंग्रजीत उतरवलेलं: गोदामाचं कुलूप बिघडलंय, हे मी चोरीच्या चार दिवस आधी साहेबांना सांगितलं होतं.

"काका, तेवढं पान पुन्हा टाइप करा," साहेबांचा आवाज साखरेत घोळलेला. "डाग पडलाय त्यावर. आणि ते 'टोल्ड' कशाला? 'सेड' घाला. अर्थ एकच."

या माणसानं आजवर साधं पाणी विचारलं नव्हतं. आज चहा, वर 'काका', आणि वर इंग्रजीची शिकवणी!

"एकच कसा, साहेब? 'टोल्ड'च्या पाठीला माणूस चिकटलेला लागतो. कुणाला सांगितलं, ते आलंच. 'सेड' म्हणजे नुसतं म्हणाला. भिंतीला म्हणाला, तरी भागतं."

"मग म्हणू दे की भिंतीला!"

"म्हणू दे. पण 'सेड'लाही माणूस जोडता येतो, मध्ये 'टू' घालून. घालू? सेड टू साहेब?"

"नको, नको! टू-बिटू काही नको."

काकांनी गुपचूप फाइल उघडली. दुसरी प्रत जागेवर नव्हती.

साहेबांनी कोटाचा खिसा थोपटला. "दोन्ही इथं आहेत. तुमची नोकरीची तीनच वर्षं राहिलीत ना? सुखात काढा. टाइप करा, आता राहिलंय काय?"

काकांनी कपबशी बोटानं हळूच साहेबांकडे सरकवली. म्हणाले:

"तिसरी राहिली, साहेब. ती काल संध्याकाळीच पहारेकऱ्याच्या घरी गेली, सहीसकट. दुपारी घेऊन येतोय तो. आणि हा चहा तुम्हीच घ्या, मी घरूनच पिऊन येतो."