आईच्या फोटोच्या जागी लाल फुली

मे महिन्यात जळगावचा पारा चढला की एक केस हमखास डोक्यात येते, आणि इतक्या वर्षांनंतरही जीव थोडा कासावीस होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कुणाचीच देणार नाही. साधी माणसं होती, त्यांना पुस्तकात यायची हौस नव्हती.

भर दुपारी ठाण्यात अमेरिकेहून फोन आला. बोलणारा तरुण इंजिनिअर, मूळचा जळगावजवळच्या असोद्याचा. "साहेब, बाबांचं काहीतरी बरंवाईट झालंय. त्यांच्या वेबसाईटवर आईच्या फोटोच्या जागी लाल फुली आलीये."

मी कपाळाला हात लावला. आमच्या ठाण्यात तेव्हा एक टाइपरायटर होता, आणि तोही मूड असला तरच चालायचा. वेबसाईट हा शब्द मी पेपरात वाचला होता, एवढंच.

पण तो नीट सांगत गेला. वडील दीपनगरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, सगळे त्यांना नाना म्हणत. आई गेल्यावर ते जळगावात एकटेच राहत होते. सायबर कॅफेत बसून त्यांनी स्वतःची वेबसाईट काढली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर, वर पत्नीचा फोटो. ओसरीतल्या तापमापकावरचा आकडा रोज दुपारी तिथं टाकायचा आणि दर रविवारी साईटमध्ये काहीतरी सुधारायचं, हा त्यांचा नेम. आठवडाभर घरचा फोन कुणी उचलत नव्हतं. पण आकडा रोज बदलत होता, म्हणून मुलगा निर्धास्त होता. मग रविवार कोरडा गेला, आणि फोटो गायब झाला.

"फोटो उघडला नाही की तिथं फुली येते, साहेब. बाबांनी ती तासभरही राहू दिली नसती. आकडा दुसरंच कुणीतरी बदलतंय."

शेवटच्या वाक्याला मी खुर्चीत सरळ झालो. माणूस जिवंत आहे असं भासवायची कुणाला गरज पडावी? स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, गेले असतील गावाला. उन्हाळ्यात बंद घर दिसलं की पोलीस आधी वास घेतो. मी खिडकीशी नाक नेलं. वास नव्हता, तरी धीर आला नाही. आत बुद्धाच्या मूर्तीपुढची फुलं वाळून काळी पडली होती, आणि ओसरीतल्या कुंड्यांची माती मात्र ओली होती. कुणीतरी येऊन जात होतं.

कॅफेचा मालक पन्नाशीचा, अमळनेरकडचा. आधी त्याचा एसटीडी बूथ होता, मग त्यानं संगणक आणले. नानांचं नाव काढताच त्याच्या कपाळावर घाम आला. पंख्याखाली बसलेल्या माणसाला घाम फुटला की मी सावध होतो.

"नाना कुठं आहेत?"

"माहीत नाही, साहेब."

"आकडा कोण टाकतं?"

तो गल्ल्यापुढं सरकला. हवालदारानं गल्ल्याचा खण ओढला तर त्यात नानांच्या घराची किल्ली. बाहेर आमच्या जीपभोवती माणसं जमू लागली होती. त्याला ठाण्यात आणलं, पाणी दिलं आणि समोर बसवून एवढंच म्हणालो, "उद्या प्रेत सापडलं तर पहिलं नाव तुझं लागेल."

तो ओक्साबोक्शी रडायला लागला. "नही साहेब, नाना जित्ता शेतस! धुयाना दवाखानामा शेतस. माले शपथ घाली, पोऱ्याले सांगानं नही!"

नाना जिवंत होते. घराची किल्ली या कॅफेवाल्याकडं ठेवून ते धुळ्याला बहिणीकडं गेले, तिथं छातीत कळ आली आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. अमेरिकेत सून बाळंतपणाला टेकलेली. मुलगा तिला परदेशात एकटी टाकून धावत येईल, या धास्तीनं त्यांनी बहिणीकरवी याला निरोप धाडला होता. कुंड्यांना पाणी घाल आणि आकडा टाकत राहा. हा बिचारा आकडा पेपरातून उचलायचा. तसं करताना त्याच्या हातून फोटो पुसला गेला, आणि परत कसा आणायचा ते त्याला येईना.

धुळ्याला बिनतारी संदेश पाठवला. उत्तर आलं, पेशंट हयात आहे. पुन्हा मुलाचा फोन आला तेव्हा मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, खरं सांगा. मला धक्का बसू नये म्हणून टप्प्याटप्प्यानं सांगताय ना?"

आम्ही पोलीस नातेवाइकांना असंच सांगतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं असावं. मी जीप काढून धुळे गाठलं. नानांच्या नाकाला नळी होती, बोलायची मनाई होती, आणि खाटेपाशी फोन नव्हता. मला पाहून त्यांच्या बहिणीनं, अक्कांनी, पदर तोंडाला लावला. मी लाल फुलीचं सांगितलं तसे नानांनी डोळे मिटले. मग डॉक्टरांना न जुमानता पुटपुटले, "फ्लॉपी... बुद्धाच्या मागं. फोटो तिच्यात शे. तिची जागा फक्त माले माहीत, हे पोऱ्याले ठाऊक शे."

जळगावला येऊन पंचांसमक्ष घर उघडलं. फ्लॉपी मूर्तीमागंच होती, रुमालात गुंडाळलेली. फोटो परत दिसला तर जागा नानांनीच सांगितली, हे मुलाला कळणार होतं. कॅफेवाल्यानं ती आपल्या संगणकात घातली. इंटरनेटसाठी लावलेला फोन तुटायचा, पुन्हा लावायचा. अखेर पडद्यावर एका हसऱ्या बाईचा चेहरा वरून खाली हळूहळू उमटला.

थोड्या वेळानं ठाण्यात फोन खणखणला. "साहेब, आई दिसली." तो रडत होता. "आता बाबांचं सांगा. आता तुम्ही सांगाल ते ऐकतो."

त्यानंतर बेपत्ता माणसाच्या घरी गेलो की शेवटचं कधी पाहिलं, हे मी मागाहून विचारू लागलो. आधी विचारायचो, हा माणूस रोज न चुकता काय करायचा? ज्याला त्याचं उत्तर देता येतं, तोच त्याचा खरा नातेवाईक, मग तो सातासमुद्रापलीकडं का असेना.

बरे झाल्यावर नाना काठी टेकत ठाण्यात आले आणि मला ओढून कॅफेत घेऊन गेले. नातीचा जन्म झाला होता. साईटवर तिचा फोटो आजीच्या शेजारी होता. खाली तापमानाचा आकडा, आणि त्याखाली नवी ओळ सुरू झाली होती. मी वाकून वाचली.

"आज छातीत थोडं दुखलं. गोळी घेतली. आता बरं आहे."