गुप्तहेराची म्हैस आणि एक मिशी

मी एका गुप्तहेराची म्हैस केली आणि त्या नादात खुनी कोण, याकडे लक्षच दिलं नाही. चूक एवढीच. पण तिच्यापायी कोल्हापुरातली एक नामांकित मिशी गेली. माझी नव्हे, माझ्या ओठावर तेव्हा मिशी म्हणावी असं काही नव्हतंच.

मी तेव्हा राजारामपुरीतल्या एका शाळेत मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. संध्याकाळी शाळा सुटली की पाय आपोआप दुधाच्या कट्ट्याकडे वळायचे. गवळी म्हशी तिथंच आणून बांधायचा, गिऱ्हाइकासमोर धार काढायचा आणि फेसाळलेला ग्लास हातात द्यायचा. तालमीतली पोरं, दुकानदार, रिक्षावाले, सगळे दूध प्यायला यायचे आणि गुरुवारी माझं ऐकायला थांबायचे. कारण गुरुवारी पुण्याच्या गाडीनं एक साप्ताहिक यायचं आणि त्यात एका गुप्तहेराची कादंबरी क्रमशः चालू होती. मुंबईचा गुप्तहेर. काळा चष्मा, लांबलचक मोटार, पावसाळा नसतानाही अंगात रेनकोट. मी ते प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायचो. आवाज माझा चांगलाच होता आणि तो मला जरा जास्तच आवडायचा.

प्रकरण संपलं तरी लोक हलायचे नाहीत. मग मी पदरचं शेपूट जोडायचो. गुप्तहेर कोल्हापुरात येतो, पहिल्याच घासाला मिसळीनं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं, चष्मा काढावा लागतो आणि शेजारच्या बाकावर बसलेला खुनी त्याला ओळखतो. नाहीतर कोडोलीच्या रस्त्यावर त्याची मोटार बंद पडते, तो बैलगाडीतून पाठलाग करतो, पुढं खुनीही बैलगाडीतच. दोघांचे बैल एकाच गुऱ्हाळापाशी अडतात आणि दोघं शेजारी शेजारी बसून रस पितात, मग राहिलेला पाठलाग पुरा करतात. लोक हसून हसून दूध सांडायचे. मूळ लेखकापेक्षा मी बरा लिहीन, असं मला मनातून वाटायला लागलं होतं. अजूनही थोडं वाटतं.

आता मिशीकडे येतो. ती गवळ्याची. दोन्ही टोकं वर वळलेली, रोज तूप लावलेली. म्हशीला हात लावण्याआधी तो मिशीला हात लावायचा. कादंबरी संपत आली तसा त्याचा आणि समोरच्या तालमीतल्या वस्तादांचा वाद पेटला. कादंबरीत वाड्यातल्या म्हाताऱ्या जमीनदाराचा खून झाला होता. गवळी म्हणायचा, खून त्याच्या डॉक्टरनं केला. वस्ताद म्हणायचे, भाच्यानं.

"डाक्टर सुई टोचतोय की रोज! त्येच्याशिवाय कुणाला जमतंय?"

"भाचा बघ भाचा. आयतं खानारा मानूस हाय त्यो."

"डाक्टर न्हाय निघाला तर मिशी उतरवतो!"

"आनी भाचा न्हाय निघाला तर मी महिनाभर फेटा बांधत न्हाय!"

वस्तादांना बोडक्या डोक्यानं कुणी कधी पाहिलं नव्हतं. सगळा कट्टा साक्षीला होता. राहिलं होतं फक्त शेवटचं प्रकरण.

आणि नेमकं त्या आठवड्यात तिकडे गगनबावड्याला पाऊस कोसळला. आमच्याकडे साधी भुरभुर होती, पण पंचगंगा फुगली, रस्त्यावर पाणी आलं आणि पुण्याची गाडी अडली. साप्ताहिक नाही. लोक मात्र ठरल्याप्रमाणे जमणार. मी म्हटलं, चला, शेवटचं प्रकरण आपणच लिहू. असं लिहू की दुसऱ्याच वाक्याला लोक ओळखतील, हसतील, दूध पिऊन घरी जातील.

मग मी हात सैल सोडला. एका दुष्ट शास्त्रज्ञानं गुप्तहेराला औषध टोचून त्याची म्हैस केलेली आहे. कादंबरीभर जो दिसला तो त्याचा तोतया. खरा गुप्तहेर वाड्याच्या गोठ्यात दाव्याला बांधलेला. पण मेंदू शाबूत! धार काढायला येणारे गडी आपसात बोलतात आणि हा रवंथ करत करत सगळे धागे जुळवतो. शेवटी शेपटीनं भिंतीवर शेणाचे फराटे ओढत खुन्याचं नाव लिहितो. शेपटीच्या वळणदार अक्षराचं वर्णन करण्यात मी एवढा रंगलो की नाव लिहायची वेळ आली तेव्हा जे पात्र हाताशी लागलं ते घेतलं. भाचा. पैज त्या घटकेला माझ्या डोक्यात औषधालाही नव्हती.

कट्ट्यावर पोचलो तर पहिलाच प्रश्न आला, "गाडी बंद, मग अंक कसा आला, मास्तर?"

गंमत वाढवावी म्हणून मी म्हटलं, "एक पावणे रस्ता बंद व्हायच्या आधीच पुण्याहून आले, त्यांच्याकडे होता. तासभर मिळाला, उतरून घेतला."

या थापेला मी पुढं जन्मभर शिव्या दिल्या.

वाचायला लागलो. पहिलं वाक्य झालं, दुसरं झालं. गुप्तहेराची म्हैस झाली. कुणी हसलं नाही. मी थांबून सगळ्यांकडे पाहिलं. सगळे माना पुढं काढून ऐकत होते.

"तरीच!" गवळी मांडीवर थाप मारून म्हणाला. "तिसऱ्या गुरवारी वाड्यात म्हस रेकली हुती. मला तवाच शंका आल्ती."

एका रिक्षावाल्यानं विचारलं, "पर गडी मानूस हाय तर रेडा का न्हाय केला? म्हस कशाला?"

"येडा हाईस काय?" वस्ताद खेकसले. "रेड्याची धार काढाय कोन बसतंय? कुनी बसल्याबिगर खबर कळायची कशी? वाचा हो मास्तर, तुमी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतक्या गुरुवारी हे लोक तळघरातल्या मगरी, कुबडीतलं पिस्तूल आणि मेलेला जुळा भाऊ मुकाट पचवत आले होते. त्या रांगेत एक म्हैस काही जास्त नव्हती. मी कितीही मूर्खपणा केला असता तरी तो मूळ कादंबरीत खपूनच गेला असता. लेखक म्हणून हा माझा विजय होता, आणि मी त्या विजयाच्या भरात पुढं वाचत गेलो. शेपूट हललं. भिंतीवर अक्षरं उमटली. "भाचा."

वस्तादांनी शड्डू ठोकला. तालमीच्या पोरांनी आरोळी दिली. गवळ्यानं समोरच्या सलूनवाल्याला हाक मारली, "या हो, वस्तरा घिऊन या."

मी ओरडलो, "अहो थांबा! हे मी लिहिलंय! माझ्या मनाचं आहे सगळं!"

वस्तादांनी मला खालून वर न्याहाळलं. "तुमी? मास्तर, असलं डोस्कं चालायला लेखक लागतोय."

"अक्षर बघा, माझं आहे!"

"उतरून घेतलंय म्हनून तुमीच सांगिटलं की मगाशी."

मी गवळ्याचा हात धरला. "शपथ घेतो. अंक आलाच नाही. मिशी ठेवा."

तो माझ्यावरच उखडला. "दया दावताय व्हय? मी शब्द दिलाय. सोडा हात."

सलूनवाल्यानं बिचाऱ्यानं दोनदा विचारून बघितलं, खरंच काढू का? गवळी बादली पालथी घालून तिच्यावर ताठ बसला. बाजूला म्हशी होत्या, सगळा कट्टा उभा होता. वस्तादसुद्धा शेवटी दुसरीकडे बघायला लागले. ओठ उघडा पडला तेव्हा एवढ्या दांडग्या माणसाचा चेहरा एकदम परक्या गावात आल्यासारखा दिसायला लागला. त्यानं सवयीनं हात वर नेला, तिथं काही नव्हतं, मग तोच हात म्हशीच्या पाठीवरनं फिरवला आणि धारेला बसला.

पाणी उतरलं, गाडी आली, अंक आला. तो लपवून ठेवावा असं मला वाटलं, खोटं कशाला सांगू? पण कट्ट्यावरचाच कुणीतरी विकत घेणार, हे उघड होतं. मी गेलो आणि वाचलं. खून डॉक्टरनं केला होता. सुईनंच.

तालमीतलं एक पोरगं निराश होऊन म्हणालं, "आनी म्हस?"

"म्हैस नाही," मी म्हटलं. "म्हैस माझी होती."

वस्तादांनी फेटा सोडला, घडी केली आणि काखेत धरला. खाली पार टक्कल होतं. हसायची कुणाची हिंमत झाली नाही. गवळी धार संपवून उठला, ग्लास भरून माझ्या हातात दिला आणि मी पिईपर्यंत समोर उभा राहिला.

"मिशी येती परत, मास्तर," तो म्हणाला. "पर माझं पोरगं तुमच्या वर्गात हाय, त्येचं काय व्हायचं?"